१०० मीटरवर जुळणारी रायफल ६०० मीटरवर का विखुरते : एका तक्रारीचा तपास

या टिपणातली रायफल .३०८ विंचेस्टर कॅलिबरची, बोल्ट ॲक्शनची, जाड बॅरलची आणि केवळ लक्ष्यवेधासाठी बांधलेली होती. तिचे मालक नवशिके नव्हते. ५० आणि १०० मीटरवर त्यांची बरीच वर्षे गेली होती. लांब पल्ल्यावर मात्र ते नुकतेच आले होते. त्यांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती : १०० मीटरवर तीन गोळ्यांचा ग्रूप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, २० मिलिमीटरमध्ये बसतो, पण ६०० मीटरवर दहा गोळ्या ४० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या जागेत विखुरतात.

एक एमओए, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९ मिलिमीटर आणि ६०० मीटरवर साधारण १७.५ सेंटीमीटर जागा व्यापतो. त्या हिशेबाने त्यांचा जवळचा ग्रूप ०.७ एमओएचा होता आणि सरळ त्रैराशिक मांडले तर ६०० मीटरवर तो १२ सेंटीमीटरचा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो तिपटीहून मोठा पडत होता. त्यांनी माझ्याशी बोलण्यापूर्वी बरेच काही करून पाहिले होते. बॅरलमधला तांब्याचा थर पूर्ण निघेपर्यंत सफाई केली होती, स्कोपच्या (नेम धरण्याच्या दुर्बिणीच्या) माउंटचे स्क्रू टॉर्क पान्याने तपासताना सापडलेला एक किंचित सैल स्क्रू घट्ट केला होता, स्टॉकचे, म्हणजे रायफलीच्या दस्त्याचे, स्क्रू पुन्हा कसले होते, आणि एक दिवस महागडी मॅच (स्पर्धेसाठीची) काडतुसेही वापरून पाहिली होती. यांपैकी कशानेही फरक पडला नाही असे त्यांचे म्हणणे होते आणि आता नवी बॅरल बसवण्यापर्यंत विचार आला होता. या उपायांपैकी एक अगदी बरोबर होता आणि तरीही तो निरुपयोगी ठरवला गेला होता, हे पुढे उघड झाले. मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच वाटतो.

मूळ मोजमापाची तपासणी

सर्वप्रथम १०० मीटरवरचा दावा तपासला. तीन गोळ्यांचे ग्रूप पाहून रायफलीची अचूकता ठरवण्याची सवय आपल्यात फार खोल रुजलेली आहे. त्यातही चांगला ग्रूप लक्षात राहतो आणि वाईट ग्रूप "माझा ट्रिगर ओढला गेला" म्हणून बाजूला पडतो. परंतु गोळ्यांचा पसारा सारखाच असला, तरी जितक्या जास्त गोळ्या मारू तितका सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधला फरक वाढत जातो. तीन गोळ्यांच्या ग्रूपमध्ये हा फरक सरासरीने प्रमाण विचलनाच्या (मोजमापे सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाच्या) २.४ पट असतो, पाच गोळ्यांत ३.१ पट आणि दहा गोळ्यांत ३.८ पट. म्हणजे एकाच रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रूप २० मिलिमीटरचा येत असेल, तर दहा गोळ्यांचा ग्रूप ३२ मिलिमीटरच्या आसपास येणे हे रायफलीचे दुखणे नव्हे, ते निव्वळ गणित आहे.

दहा गोळ्या सलग मारून, एकही छिद्र न वगळता मोजले, तेव्हा ३४ मिलिमीटर आले. रायफल ०.७ नव्हे तर जवळजवळ १.२ एमओएची होती. त्यामुळे ६०० मीटरवरची रास्त अपेक्षा १२ वरून २० सेंटीमीटरवर गेली आणि तक्रारीचा मोठा हिस्सा एकही स्क्रू न हलवता विरघळला. हे ऐकताना मालकांच्या चेहऱ्यावर आलेली नाराजी मला समजू शकते. पण २० आणि ४० यांतले अंतर अजून शिल्लक होतेच आणि खरा प्रश्न तिथून सुरू होत होता.

प्रमाणात वाढणारे दोष आणि प्रमाणाबाहेर वाढणारे दोष

लांब पल्ल्याच्या तक्रारीत मी कारणांची दोन पोती करतो. काही दोष कोनाचे असतात : सैल माउंट, स्टॉकमध्ये नीट न बसलेली ॲक्शन (काडतूस भरण्याची यंत्रणा), बॅरलच्या तोंडाला पडलेला चरा, ट्रिगरचा धक्का. असा दोष १०० मीटरवर जेवढे एमओए खातो तेवढेच एमओए ६०० मीटरवर खातो. त्यामुळे तो जवळ दिसलाच पाहिजे. दुसऱ्या पोत्यात असे दोष असतात की जे अंतराच्या प्रमाणापेक्षा वेगाने वाढतात आणि जवळ जवळजवळ दिसतच नाहीत : काडतुसागणिक बदलणारा वेग, वारा, स्कोपचा पॅरलॅक्स (डोळा सरकला की नेमाची फुली टार्गेटवर सरकलेली दिसणे), आणि गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येताना ढळणे.

१०० मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रूप गोल होता आणि प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच येत होता. त्यामुळे पहिले पोते बांधून बाजूला ठेवता आले. नव्या बॅरलचा विचारही त्याच पोत्यात गेला. सैल स्क्रू घट्ट करणे योग्यच होते, पण त्याने दूरच्या ग्रूपमध्ये चमत्कार होण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या पोत्यातले शेवटचे कारणही लवकर निकाली निघाले. ११.३ ग्रॅमची ही गोळी बॅरलमधून सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि ६०० मीटरवर पोचते तेव्हाही तिचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सुमारे ३४० मीटरपेक्षा, बराच वर असतो. कागदी टार्गेटवरची छिद्रेही स्वच्छ गोल होती. गोळी आडवी होत असती तर ती लांबट दिसली असती. उरले तिघे : वेग, वारा, पॅरलॅक्स.

ग्रूपचा आकार काय सांगत होता

मालकांनी आजवर प्रत्येक ग्रूपचा एकच आकडा लिहून ठेवला होता, तो म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर. आम्ही तेच जुने टार्गेट पुन्हा काढून उंची आणि रुंदी वेगवेगळी मोजली. उंची ३८ सेंटीमीटर होती आणि रुंदी २७. वारा मुख्यतः आडवे ढकलतो. या गोळीला सेकंदाला १ मीटर वेगाचा आडवा वारा ६०० मीटरवर सुमारे २० सेंटीमीटर सरकवतो, तर १०० मीटरवर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. त्यामुळे २७ सेंटीमीटर रुंदी ही वारा नीट न वाचणाऱ्या कोणाचीही असू शकते. पण उंचीचा दोष वाऱ्यावर ढकलता येत नव्हता.

उभ्या पसाऱ्याचा पहिला संशयित वेग. पुस्तकी हिशेब असा आहे : १०० मीटर कापायला या गोळीला ०.१३ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती बॅरलच्या रेषेखाली ८ सेंटीमीटरच्या आसपास पडते. ६०० मीटरला जवळजवळ १ सेकंद लागतो आणि पडणे ४ मीटरच्या जवळ जाते. वेग १ टक्क्याने कमी झाला की पडणे साधारण २ टक्क्यांनी वाढते. ८ सेंटीमीटरचे २ टक्के म्हणजे दीड मिलिमीटर, जे कोणाच्या नजरेतही भरणार नाही. ४ मीटरचे २ टक्के म्हणजे ८ सेंटीमीटर. सोयीसाठी असे धरले तरी चालते की ६०० मीटरवर वेगातला प्रत्येक १ मीटर प्रति सेकंदाचा फरक गोळीला जवळजवळ १ सेंटीमीटर वर किंवा खाली नेतो.

सरावाच्या काडतुसांपैकी २० काडतुसांचा वेग क्रोनोग्राफवर मोजला. सरासरी ७८४ आली, प्रमाण विचलन ९ आणि सर्वांत वेगवान व सर्वांत मंद गोळीतला फरक ३३ मीटर प्रति सेकंद. क्रोनोग्राफ रडार जातीचा, रायफलीशेजारी ठेवण्याचा होता, हे मुद्दाम नोंदवतो. बॅरलला बांधायचा क्रोनोग्राफ बॅरलचे कंपन बदलतो आणि मग वेग मोजता मोजता ग्रूपही हलतो.

इथे थांबून "काडतुसे बदला" असे सांगणे सोपे होते. पण आकडा संशय वाढवतो, गुन्हा सिद्ध करत नाही. म्हणून ६०० मीटरवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट लावले, म्हणजे प्रत्येक गोळीची जागा क्रमांकासह मिळेल, आणि त्याच वेळी क्रोनोग्राफवर त्या त्या गोळीचा वेग टिपला. वेग हेच कारण असेल तर मंद गोळ्या खाली आणि वेगवान गोळ्या वर सापडायला हव्या होत्या. दहापैकी सर्वांत मंद तीन गोळ्या खालच्या भागात आणि सर्वांत वेगवान दोन वरच्या भागात मिळाल्या. संशय खरा ठरला.

पण तेवढ्यावर प्रकरण मिटले नाही. चौथी गोळी सरासरी वेगाची असून अपेक्षेपेक्षा ११ सेंटीमीटर वर होती आणि आठवी, तीही सरासरीच्या अगदी जवळच्या वेगाची, १० सेंटीमीटर खाली. दोन्ही वेळा मालकांनी "नेम अगदी मधोमध होता" असे सांगितले होते आणि त्यांच्या शब्दावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नव्हते. नेम मधोमध, वेग सरासरी आणि तरी गोळी जागेवर नाही. मग नेम मधोमध दिसत होता म्हणजे नेमके काय दिसत होते, हा प्रश्न उरला.

पॅरलॅक्स : घोडे इथेही पेंड खात होते

रायफल बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागच्या सँडबॅगवर घट्ट बसवली, बोल्ट काढून ठेवला, क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटच्या केंद्रावर आणला आणि मालकांना सांगितले की रायफलीला हात न लावता डोके सावकाश वरखाली करा. क्रॉसहेअर टार्गेटवर जवळजवळ पाव मीटर प्रवास करत होता. रायफल स्थिर होती. हलत होता तो फक्त डोळा.

स्कोपच्या बाजूचा पॅरलॅक्सचा नॉब १०० मीटरवर होता. तो तिथेच असतो, कारण तो नॉब प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी असतो अशी त्यांची समजूत होती आणि ६०० मीटरवरचे धूसर टार्गेट त्यांनी डोळ्याजवळची आयपीस फिरवून स्पष्ट करून घेतले होते. आयपीसचे काम क्रॉसहेअर आपल्या डोळ्याला स्पष्ट दिसावा एवढेच असते. ती एकदा लावून सोडून द्यायची असते. टार्गेटची प्रतिमा क्रॉसहेअरच्या पातळीवर आणण्याचे काम बाजूच्या नॉबचे. ते केले नाही तर प्रतिमा एका पातळीवर आणि क्रॉसहेअर दुसऱ्या पातळीवर राहतो आणि डोळा मध्यरेषेवरून सरकला की दोघे एकमेकांवरून घसरतात.

या घसरण्याची कमाल मर्यादा काढता येते. पुढच्या भिंगाच्या निम्म्या व्यासाला, प्रत्यक्ष अंतर आणि नॉबचे अंतर यांतल्या फरकाने गुणायचे आणि नॉबच्या अंतराने भागायचे. भिंग ५६ मिलिमीटरचे, नॉब १०० वर, टार्गेट ६०० वर. म्हणजे २८ मिलिमीटर गुणिले ५, अर्थात १४ सेंटीमीटर वर आणि तेवढेच खाली. स्कोप २० पटींवर असताना त्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ५६ भागिले २०, म्हणजे केवळ २.८ मिलिमीटर रुंद असतो. ही सगळी चूक घडायला डोळा दीड मिलिमीटर सरकला तरी पुरे. दीड मिलिमीटर म्हणजे गाल स्टॉकवर किंचित जास्त दाबला गेला, एवढेच.

मग गाल एवढा का सरकत होता? स्कोप उंच रिंग्जवर बसवलेला होता आणि स्टॉकचा चीकपीस (गाल टेकवायचा भाग) मात्र जुन्या, खालच्या उंचीवरच होता. प्रोन स्थितीत, म्हणजे पोटावर झोपून, ते गाल टेकवत नव्हते, जबडा टेकवत होते, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढताना डोके उचलून पुन्हा खाली आणत होते. आडव्या दिशेत स्टॉक गालाला आपोआप अडवतो, पण वरखाली अडवणारे काही नव्हते. त्यामुळे पॅरलॅक्सचा दोषही उभाच पडत होता आणि वेगाच्या दोषात बेमालूम मिसळत होता.

आधीचे योग्य उपाय निष्फळ का वाटले

एकमेकांशी संबंध नसलेल्या कारणांचे पसारे साधी बेरीज होऊन वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि तिचे वर्गमूळ निघते. या रायफलीचा हिशेब उभ्या दिशेत असा होता : रायफलीचे स्वतःचे प्रमाण विचलन ६०० मीटरवर ५ सेंटीमीटरहून थोडे जास्त, वेगामुळे ९ च्या आसपास आणि पॅरलॅक्समुळे, उरलेल्या पसाऱ्यावरून काढले तर, ६ ते ७. तिन्हींचे मिळून १२ च्या थोडे वर जाते आणि दहा गोळ्यांच्या उंचीत ते ३८ सेंटीमीटर दिसते.

आता फक्त पॅरलॅक्स दुरुस्त केला तर उंची ३८ वरून ३२ वर येते. फक्त काडतुसे बदलली तर २९ वर येते. दोन्ही केले तर २० वर येते. दहा गोळ्यांच्या एकेका ग्रूपची उंची निव्वळ योगायोगाने पाव हिश्श्याने सहज वरखाली होते, त्यामुळे एका ग्रूपवरून ३८ आणि ३२ यांत फरक करता येत नाही. आम्ही आधी फक्त नॉब आणि चीकपीस दुरुस्त करून दोन ग्रूप मारले, तेव्हा एकाची उंची ३५ आली आणि दुसऱ्याची २८. पहिलाच ग्रूप पाहून थांबलो असतो, तर पॅरलॅक्सही निर्दोष सुटला असता.

मालकांनी मॅच काडतुसे वापरली त्या दिवशी हेच घडले होते. त्यांनी पाच गोळ्या मारल्या होत्या, वारा उलटसुलट होता आणि मोजले होते ते फक्त दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर, जे त्या दिवशी आडवे होते. ते टार्गेट त्यांनी जपून ठेवले होते, ही सवय मात्र लाखमोलाची ठरली. त्यावर नव्याने पट्टी धरली तर उंची २३ सेंटीमीटर आणि रुंदी ३९ होती. काडतुसांनी आपले काम केले होते. वाऱ्याने ते झाकले होते. पाच गोळ्यांवर फार भरवसा ठेवता येत नाही हे खरे, पण उपाय फेटाळण्याइतका तर तो मुळीच ठेवता येत नव्हता.

मॅच काडतुसांच्या २० गोळ्यांचा वेग नंतर मोजला : सरासरी ७९१, प्रमाण विचलन ३.६, कमाल फरक १३. याखेरीज एक सवयही सोडायला सांगितली. वारा शांत होण्याची वाट पाहताना ते काडतूस चेंबरमध्ये भरून बसत. तापलेल्या चेंबरमध्ये दारू गरम होते आणि वेग वाढतो. किती वाढेल हे दारूच्या जातीवर आणि थांबण्याच्या वेळेवर अवलंबून असते, म्हणजेच तो दर गोळीला वेगळा असतो. आता ते नेम धरून, वारा वाचून, मगच काडतूस भरतात.

उजवीकडे सरकलेले केंद्र

या सगळ्यात एक गोष्ट सुटी राहिली होती. वारा जवळजवळ नसलेल्या पहाटेच्या सत्रांतही ग्रूपचे केंद्र ६०० मीटरवर १८-१९ सेंटीमीटर उजवीकडे पडत होते, १०० मीटरवर मात्र अगदी मधोमध. यातले ७-८ सेंटीमीटर गोळीच्या फिरकीचे असतात. उजव्या पिळाच्या बॅरलमधून निघालेली गोळी उजवीकडेच सरकते आणि त्यावर स्कोपवर दुरुस्ती देण्याखेरीज इलाज नाही. उरलेल्या ११ सेंटीमीटरसाठी १०० मीटरवर एक उंच टार्गेट लावले, त्यावर ओळंब्याने सरळ उभी रेघ आखली, रायफल पाणपातळीवर धरून रेघेच्या तळाशी गोळ्या मारल्या आणि मग स्कोप ५० क्लिक, म्हणजे ५ मिलिरेडियन (एक मिलिरेडियन म्हणजे अंतराचा हजारावा भाग) वर घेऊन त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा मारल्या. नवा ग्रूप ५० सेंटीमीटर वर गेला, त्यामुळे क्लिक खरे आहेत हे कळले, पण तो रेघेपासून पावणेदोन सेंटीमीटर उजवीकडेही गेला. याचा अर्थ स्कोप रिंग्जमध्ये सुमारे २ अंश तिरपा बसला होता. ६०० मीटरसाठी ५.२ मिलिरेडियन चढवले की हाच तिरपेपणा ११ सेंटीमीटर होतो. स्कोप ओळंब्याशी जुळवून पुन्हा बसवला आणि वर छोटी पाणपातळी लावली. याचा ग्रूपच्या आकाराशी संबंध नव्हता, पण दर वेळी केंद्र शोधताना ते ही चूक वाऱ्याच्या खात्यात टाकत होते आणि त्यामुळे त्यांचा वाऱ्याचा अंदाजच एका बाजूला झुकला होता.

सर्व दुरुस्त्यांनंतर एकाच सकाळी दहा दहा गोळ्यांचे तीन ग्रूप मारले. उंची अनुक्रमे २२, १८ आणि २१ सेंटीमीटर. रुंदी २४, २९ आणि ३५; सूर्य चढत गेला, वारा सुटला, तसतशी ती वाढत गेली. बॅरल जुनीच राहिली. मालकांच्या वहीत आता प्रत्येक ग्रूपपुढे उंची आणि रुंदी यांचे दोन वेगळे रकाने आहेत, आणि रुंदीच्या रकान्याशेजारी त्यांनी वाऱ्याची दिशा आणि आपला अंदाज लिहायला सुरुवात केली आहे.